औषध सोडले म्हणून खटला सुटत नाही

मागे या सदरात स्किझोफ्रेनिया या आजारावर लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील एक पत्र वाचून बाजूला ठेवणे मला जमले नाही. पत्र लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. त्यांच्या धाकट्या भावाला सहा-सात वर्षांपासून हा आजार आहे. औषध चालू असले की तो शेतात राबतो, गुरांचे पाहतो. औषध सुटले की शेजारी आपल्यावर करणी करतात, विहिरीत विष टाकतात असे त्याच्या मनाने घेते. अशाच एका वेळी त्याने शेजाऱ्याच्या हातावर फावडे घातले. हाड मोडले, गुन्हा नोंदला गेला आणि भाऊ कारागृहात गेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलून लिहीत आहे.)

त्यांचे प्रश्न दोन आहेत. भाऊ गोळ्या घ्यायला नकार देतो. तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात त्याला जबरदस्तीने औषध देता येते का, हा पहिला. दुसरा प्रश्न त्यांनी पत्राच्या शेवटी, जरा संकोचानेच, विचारला आहे. गावातल्या जाणत्या मंडळींनी त्यांना सांगितले की भावाला बरा होऊ देऊ नका. बरा झाला की केस उभी राहील आणि शिक्षा लागेल. वेडाच दिसला तर कोर्ट सोडून देईल. तेव्हा भेटीच्या दिवशी जाळीपलीकडच्या भावाला औषध घे म्हणून सांगावे, की घेऊ नको म्हणून?

वाचकहो, हा सल्ला मला नवा नाही. सरकारी रुग्णालयात नोकरीला होतो तेव्हा व्हरांड्यात उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडून तो अनेकदा ऐकला. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. पण तो कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि वैद्यकाच्या दृष्टीने घातक आहे. आधी कायद्याचे पाहू.

वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला शिक्षा नाही, हे आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून आहे. तिचे ८४ वे कलम वकील मंडळींच्या तोंडी असे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २२ वे आहे. कलम काय विचारते? कृत्य करतेवेळी त्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत होते का, किंवा जे करतो ते चूक आहे, बेकायदा आहे हे कळत होते का? फावडे उचलले त्या घटकेचा हा प्रश्न आहे. आज त्याची प्रकृती कशी आहे याच्याशी या कलमाचा संबंध नाही.

आजच्या प्रकृतीचा प्रश्न न्यायालयापुढे येतो तो वेगळ्या कारणाने. खटला समजून घेण्याची, वकिलाला आपली बाजू सांगण्याची, साक्षीदार खरे बोलतो की खोटे हे ओळखण्याची शक्ती आरोपीला आज आहे का, एवढेच तेव्हा पाहायचे असते. ती नसेल तर खटला पुढे ढकलला जातो. लक्षात घ्या, ढकलला जातो, संपत नाही. आणि तिसरी वेळ असते शिक्षेची. दोषी ठरल्यानंतर माणूस वेडा झाला तर काय करायचे? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कैद्याची फाशी रद्द करून जन्मठेप केली. त्या निकालात कैद्याचे नावही छापलेले नाही.

गावातली मंडळी घोटाळा करतात तो या तीन वेळांचा. पहिल्या वेळी वेड असेल तर माणूस निर्दोष सुटतो. दुसऱ्या वेळी वेड असेल तर तो सुटतही नाही आणि दोषीही ठरत नाही, मध्येच लटकून राहतो. आज औषध घेऊन शुद्धीवर आल्याने त्या दिवशीचे वेड पुसले जात नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. आज आरोपी शहाणा आहे, पण कृत्याच्या वेळी तसा नव्हता असे न्यायालयाला वाटले तर खटला चालतो, आणि पुराव्यावरून तसे ठरले तर त्याला त्या कलमाचा फायदा मिळतो. उलट औषध न घेता तो तसाच राहिला तर हा बचाव मांडायला त्याला न्यायालयात उभेच राहता येणार नाही.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. वेडाच्या कारणावरून निर्दोष सुटलेला माणूस त्याच संध्याकाळी घरी येतो असे नाही. कृत्य त्याच्या हातून घडले असे निकालात म्हटले असेल तर न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश देऊ शकते, किंवा जामिनाची हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करू शकते. ‘सुटला’ या शब्दाचा अर्थ आपण समजतो तितका सरळ नाही.

आता सक्तीकडे येतो.

या आजारात माणूस औषध का नाकारतो, हे ज्यांच्या घरी रुग्ण नाही त्यांना कळणे कठीण. मधुमेही माणूस पथ्य मोडतो, पण आपल्याला साखर आहे हे तो मान्य करतो. इथे आजार ज्या मेंदूला झाला त्याच मेंदूने आजार ओळखायचा असतो. शेजारी विष घालतो हे त्या भावाच्या दृष्टीने मत नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती आहे. मग गोळी म्हणजे काय? त्याच विषाचा आणखी एक प्रकार. शिवाय गोळ्यांचे दुष्परिणाम खरे आहेत. अंग आखडते, हात थरथरतात, सुस्ती येते, वजन वाढते. क्वचित एकाएकी मान वाकडी होते, आणि घरच्यांना वाटते की करणीच झाली. यावर उतारा असतो, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण तुरुंगात हे कोण विचारतो? गोळी गिळली का, तोंड उघड, पुढचा.

म्हणून नकार देणाऱ्या प्रत्येकाला मी अडाणी म्हणत नाही. काहींचा नकार आजाराचा असतो, काहींचा शहाणपणाचा.

ही निवड कशी करायची याचे बऱ्यापैकी उत्तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. मानसिक आजार आहे म्हणजे माणसाला निर्णय घेता येत नाही, असे हा कायदा मानत नाही. उपचाराची माहिती त्याला समजते का, घेतले तर काय आणि न घेतले तर काय होईल हे उमगते का, आपला निर्णय तो कोणत्याही मार्गाने सांगू शकतो का, हे पाहायचे. हे जमत असेल तर त्याचा ‘नाही’ हा ‘नाही’च असतो. जमत नसेल आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करता येते. पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार अशा दोघांनी वेगवेगळे तपासावे लागते. मुदत तीस दिवसांची. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी त्याच्या वतीने संमती देऊ शकतो, पण दर आठवड्याला त्याची निर्णयशक्ती परत आली का ते पाहायचे. तीस दिवसांपुढे ठेवायचे तर पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते, आणि तीही आधी नव्वद दिवसांपुरतीच. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके द्यायचे नाहीत. साखळीने बांधणे तर कोणत्याही स्वरूपात मना आहे.

हे झाले तुमच्या-आमच्यासाठी. आरोपी असेल तर त्याला दाखल करायला न्यायालयाचा आदेश पुरेसा होतो, तज्ज्ञांची वरची वाट तिथे लागत नाही. प्रश्न असा की दाखल करण्याचा आदेश म्हणजे सुई टोचण्याचाही आदेश का? व्यवहारात तसेच धरले जाते. माझे मत तसे नाही. संमतीविषयीची कलमे कायद्याने सर्व रुग्णांसाठी लिहिली आहेत, कैद्याला त्यातून वगळा असे कुठे म्हटलेले नाही. न्यायालयाने माणसाला रुग्णालयाच्या दारात आणून सोडले. त्यापुढे त्याच्या शरीरात काय घालायचे हे विचारताना तो रुग्णच आहे, आणि त्याला विचारले पाहिजे. त्याला समजत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीला विचारले पाहिजे. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना हे उपयोगी पडेल. भावाची समज शाबूत असेल अशा घटकेला त्याने साध्या कागदावर सही-अंगठा करून त्यांना प्रतिनिधी नेमले, तर कायद्याला ते पुरते.

ओघाने एक सांगतो. चहात किंवा आमटीत गोळी चुरून घालण्याची युक्ती अनेक घरांत चालते, आणि कोठडीतही ती मी पाहिली आहे. आईने केली तर मी तिला दोष देणार नाही, तिचा नाइलाज असतो. पण पहाऱ्यातल्या माणसाशी असे वागू नये. लोक अन्नात काहीतरी घालतात हाच ज्याचा भ्रम, त्याच्या अन्नात खरोखरच काहीतरी घालायचे! एकदा उमगले की तो जेवण सोडतो, आणि पुन्हा डॉक्टरवर त्याचा विश्वास बसत नाही. सक्ती करायची तर ती समोरासमोर करावी, सांगून करावी, आणि कागदावर लिहून करावी.

अमेरिकेत या प्रश्नाचा मोठा कीस पडला आहे. सेंट लुईस शहरातील सेल नावाच्या एका दंतवैद्यावर विम्याची खोटी बिले लावल्याचा आरोप होता. त्याला भ्रमाचा आजार होता आणि तो औषध घेईना. खटला चालवता यावा एवढ्यासाठी त्याला सक्तीने औषध द्यायचे का, हा वाद थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००३ साली निकाल लागला. देता येईल, पण क्वचितच. खटला चालवण्यात समाजाचे मोठे हित असले पाहिजे, औषधाने तो उभा राहण्याइतका सावरेल अशी भक्कम शक्यता हवी, सौम्य मार्ग पुरेसा नसला पाहिजे, आणि वैद्यकीय दृष्टीने ते औषध त्याच्या हिताचे असले पाहिजे. त्याआधी १९९२ मध्ये नेवाडा राज्यातील रिगिन्स या आरोपीच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट पुढे आली होती. त्याला औषधाच्या मोठ्या मात्रेखाली ठेवून खटला चालवला आणि फाशी सुनावली. औषधाने सुस्तावलेला, चेहऱ्यावरची रेषही न हलणारा माणूस ज्यूरीला निर्दय वाटू शकतो, त्याला पश्चात्ताप नाही असे दिसू शकते. औषधाची खरी गरज होती का हे खालच्या न्यायालयाने तपासले नाही, म्हणून ती शिक्षा रद्द झाली. आमच्या धंद्यातल्या माणसांनी ही गोष्ट गाठीला बांधावी अशी आहे. गोळीने आवाज थांबतात, आणि चेहराही थांबतो.

हे वाचून कोणी म्हणेल, आपल्याकडेही असेच व्हायला हवे, प्रत्येक सुईसाठी न्यायालयात वाद व्हावा. मला ते पटत नाही. आपल्या देशातले दुखणे दुसरे आहे. आपल्याकडे आरोपींचे हाल जास्त औषध दिल्याने झाले त्यापेक्षा विसरले गेल्याने अधिक झाले.

आसाममधील माचल लालुंग यांची हकिकत सर्वांनी वाचावी अशी आहे. १९५१ साली त्यांना गंभीर दुखापतीच्या आरोपावरून पकडले. तेव्हा ते ऐन पंचविशीच्या आत होते. मनःस्वास्थ्य ठीक नाही म्हणून तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ मध्ये रुग्णालयाने कळवले की हा माणूस आता बरा आहे, याला न्या. नेले. कुठे? घरी नाही, न्यायालयातही नाही, गुवाहाटीच्या तुरुंगात. तिथे ते आणखी अडतीस वर्षे राहिले. खटला कधी चाललाच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर जुलै २००५ मध्ये त्यांची सुटका झाली. न्यायालयाने त्यांच्याकडून जातमुचलका घेतला तो एक रुपयाचा. चोपन्न वर्षे! आपली भाषाही ते बरीचशी विसरले होते असे तेव्हाच्या बातम्यांत होते.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. १९८२ साली वीणा सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगातील कैद्यांची कहाणी आली होती. वेडे म्हणून आत घातलेले, बरे झालेले, आणि तरीही वीस-वीस, तीस-तीस वर्षे तिथेच पडलेले. १९९३ साली मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने म्हटले की ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ते ठेवले जात होते. या सगळ्या माणसांवर उपचाराची सक्ती झाली की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला. ‘उपचारासाठी’ या एका शब्दावर त्यांचे आयुष्य संपले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: आजारी आरोपीला त्याची समज हरपलेली असताना सक्तीने औषध देण्याला माझा विरोध नाही, विरोध आहे तो तारीख नसलेल्या सक्तीला.

औषधाच्या बाजूने मी का बोलतो तेही सांगतो. नव्याने सुरू केलेले औषध बहुतेक रुग्णांत दोन-तीन आठवड्यांत आवाज सैल करते, चार ते सहा आठवड्यांत बरीच समज परत आणते. सर्वांना येतेच असे नाही, पण पुष्कळांना येते. आणि आजार जितके दिवस उपचाराविना राहतो तितका तो पुढे औषधाला कमी दाद देतो. खटला टाळण्यासाठी भावाला वर्षभर तसाच ठेवला तर कदाचित पुढे खटला राहील बाजूला, भाऊच हाती लागणार नाही. भ्रमात जगणाऱ्या माणसाला ‘स्वतंत्र’ म्हणून एकटे सोडून देणारे जे विद्वान आहेत त्यांनी एक रात्र अशा कोठडीबाहेर बसून काढावी. रात्रभर भिंतीशी भांडणारा माणूस स्वतंत्र नसतो.

पण त्याबरोबर घड्याळ हवे. गंमत अशी की ते कायद्यात आहे, फक्त कोणी पाहत नाही. सत्र न्यायालयात आरोपी खटला समजण्याच्या स्थितीत नाही असे ठरले, तर उपचाराला तज्ज्ञांच्या मते जितका काळ लागेल तितक्याच काळापुरता खटला पुढे ढकलायचा असे कलमातच लिहिले आहे. म्हणजे डॉक्टरने काळ सांगायचा आहे. आमचे दाखले कसे असतात? ‘रुग्णास उपचाराची गरज आहे.’ किती दिवस, कोणते उपचार, पुन्हा केव्हा तपासायचे, एक अक्षर नाही. तपासणीचे तर विचारूच नका. दुपारी चार वाजता दोन शिपाई बेड्या घातलेला माणूस आणतात, बाहेर गाडी उभी असते, साहेबांना सही हवी असते. नाव विचारले, गाव विचारले, वार विचारला. तिन्ही बरोबर सांगितले, लिहा ‘मानसिकदृष्ट्या ठीक’. अहो, भ्रमाच्या आजारात वार आणि गाव बिनचूक सांगता येतात! आपला वकील शेजाऱ्याला सामील आहे असे ज्याला वाटते, तो वकिलाला एक शब्द खरा सांगणार नाही, पण आज मंगळवार आहे हे तो ठणकावून सांगेल. अशा दाखल्याविरुद्ध आरोपीला वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. किती जणांना हे ठाऊक असते?

मनोरुग्णालयाच्या प्रमुखाने अशा प्रत्येक आरोपीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीचा खास अहवाल दर सहा महिन्यांनी न्यायालयाला पाठवायचा, असे २०१७ च्या कायद्यात आहे. लालुंग यांच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले की आरोपीने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ कोठडीत काढला असेल तर खटला बंद समजावा. खुनासारख्या आरोपात तसे करता येत नसेल तर जातमुचलक्यावर सोडण्याचा विचार व्हावा. अमेरिकेत १९७२ सालीच जॅक्सन नावाच्या एका मुक्या-बहिऱ्या आणि बुद्धीने अधू आरोपीच्या बाबतीत हेच तत्त्व आले होते. त्याच्यावर आरोप होता एकूण नऊ डॉलरच्या चोरीचा, आणि ‘शहाणा होईपर्यंत’ म्हणजे जन्मभर त्याला ठेवण्याची तयारी झाली होती. बुद्धीच मुळात अधू असेल तर कोणते औषध त्याला खटल्यालायक करणार? आपल्या कायद्यानेही अशा माणसाचा खटला चालवू नये असेच म्हटले आहे.

सोंगाचे काय, असे पोलीस अधिकारी नेहमी विचारतात. सोंगे असतात. पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवडे वॉर्डात ठेवले की सोंग घेणारा बहुधा थकतो. रात्री दोन वाजता कोणी सोंग घेत नाही. सोंगाच्या भीतीने खऱ्या रुग्णाला कोठडीत डांबणे म्हणजे एका चोरासाठी साऱ्या गावाला कुलूप लावण्यासारखे आहे.

आणि ज्याचा हात मोडला तो शेजारी? त्याला आम्ही सगळेच विसरतो. तोही तारखांना येतो आणि ‘आरोपी आजारी’ एवढे ऐकून परत जातो. त्यालाही कोणीतरी सांगायला हवे की त्या दिवशी काय झाले, आणि पुन्हा होणार नाही यासाठी काय केले आहे. वर्षानुवर्षे लटकलेला खटला त्याला हे सांगत नाही. शेजारधर्म परत जोडायचा तर खटल्याचा निकाल लागणे दोन्ही घरांच्या हिताचे आहे.

आता त्या गृहस्थांसाठी. भावाला औषध घे म्हणूनच सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६९ व्या कलमाखाली, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आरोपीला दाखल करून ठेवण्याची गरज नसेल आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र त्याच्या बाह्यरुग्ण उपचारांची व तो कोणाला इजा करणार नाही याची हमी देत असेल, तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचे आहे. ही हमी तुम्हीच देऊ शकता. अर्थात ती खरी पाळण्याची तयारी हवी. महिन्याच्या महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेणे, आणि फावडे-कोयते कुलपात ठेवणे. गोळ्यांची रोजची कटकट नको असेल तर पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शनही मिळते, डॉक्टरांना त्याविषयी विचारा.

दाखल करण्याचीच वेळ आली तर ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी यांपैकी कुठे नेले याचा लेखी आदेश वकिलांमार्फत मिळवा. आदेशात पुढच्या तपासणीची तारीख नसेल तर ती घालावी असा अर्ज करा. सहा महिने झाले की अहवाल आला का ते न्यायालयात विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. कोठडीतल्या माणसाला आणि मनोरुग्णाला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरी परतल्यावर रात्री-अपरात्री अडचण आली तर टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि सगळ्यात आधी जुने कागद शोधा. सहा-सात वर्षांत दाखवलेल्या प्रत्येक डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या दुकानाची बिले, मांत्रिकाकडे नेल्याचे कोणाला आठवत असेल तर त्याचे नाव. फावडे उचलले त्या दिवशी भाऊ आजारी होता हे सिद्ध करण्याचा भार बचाव पक्षावर असतो, आणि ते आजच्या तपासणीवरून नव्हे तर त्या आधीच्या आणि त्या आठवड्यातल्या नोंदींवरून ठरते. पत्रात तुम्ही लिहिले आहे की काही चिठ्ठ्या गोठ्याच्या माळ्यावर असतील. पाऊस सुरू व्हायच्या आत त्या खाली काढा, प्रती काढून घ्या, आणि मूळ कागद घरात ठेवा.